खिजगणती

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. रात्रीचे पावणेअकरा झाले होते, वरणभाताच्या कुकरची दुसरी शिट्टी झाली होती आणि ड्यूटीचा फोन त्या आठवड्यात माझ्याकडे होता. हा फोन म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या राहण्याचं बघणाऱ्या आमच्या विभागाचा एक जुनाट मोबाइल. कडांना जाड रबर, पाठीवर विद्यापीठाचा अर्धा खरवडलेला स्टिकर. ज्याची पाळी असेल त्याने तो आठवडाभर उशाशी घेऊन झोपायचं. त्यावर येणारी गाऱ्हाणी ठरलेली असतात. किल्ली आत राहिली, वरच्या मजल्यावरून पाणी ठिबकतंय, कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळले आणि अलार्म झाल्यामुळे अख्खी इमारत पायजम्यात बाहेर कुडकुडतेय. त्या रात्री मात्र स्क्रीनवर प्लस एक्याण्णवने सुरू होणारा नंबर उमटला. हात पुसून मी फोन उचलला आणि विभागाचं नाव, माझं नाव, आडनाव, काय मदत करू, हे इंग्रजीतलं ठरलेलं वाक्य म्हटलं. पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. मागे कुठेतरी ग्राइंडर लोखंडावर किंचाळत होता. मग एक पुरुषी आवाज आला, जरा चाचरत. "म्याडम, आडनाव मराठी वाटतंय. मराठी का?"

सांगली-मिरजेकडचे गृहस्थ होते (गाव बदललंय, बाकीही एकदोन गोष्टी बदलल्यात, का, ते पुढे येईलच). फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. मुलगा आमच्याकडे एमएस करायला आलेला, पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. "चार दिवस झालं फोन उचलंना झालाय. मेसेज जातोय, पण बघितल्यालं दिसंना. रूममेट चिनी हाय, त्याचा नंबर आपल्याकडं न्हाई. हा नंबर तुमच्या वेबसाइटवर गावला. जास्त काय नको म्याडम. एवढंच सांगा, हाय न्हवं नीट?"

यावर काय बोलायचं ते मला येतं. नुसतं येतं असं नाही, मी त्याची परीक्षा दिलेली आहे. विद्यार्थी इथे राहतो की नाही हेसुद्धा आमच्या विभागात त्याच्या लेखी परवानगीशिवाय कुणाला सांगायचं नसतं, मग समोर बाप असो की आजी. हे वाक्य मी इंग्रजीत शंभर वेळा म्हटलं असेल. त्यात खेद, आदर आणि ठामपणा ज्या प्रमाणात मिसळायचा असतो ते प्रमाण आता तोंडात बसलंय. मराठीत मात्र ते आजवर एकदाही म्हणायची वेळ आली नव्हती. "मला याविषयी काही सांगता येणार नाही," मी म्हणाले आणि माझं मलाच ते तहसील कचेरीच्या खिडकीतून आल्यासारखं ऐकू आलं. घाईघाईने पुढे जोडलं, "पण तुम्ही सांगितलंत ते मी नीट ऐकलंय. त्यावर जे करायचं असतं ते मी करते." तिकडे कुणीतरी ग्राइंडर बंद केला असावा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. कायदा असंल तुमचा." आणि फोन ठेवायच्या आधी, "तुमच्याकडं रात्र असंल न्हवं? जेवलाय का?"

मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

मी जे शिकले त्याचं नाव सांगितलं की आपल्याकडे हमखास हशा पिकतो. पदवीचं नाव मास्टर्स इन कॉलेज स्टुडंट पर्सोनेल, आणि क्षेत्राचं नाव स्टुडंट अफेअर्स. 2014 साली ओहायोतल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा धाकटा काका म्हणाला, "अफेअर्स? म्हणजे पोरांच्या लफड्यांची डिग्री?" त्यावर सगळे हसले, मीही. बाबांनी मात्र चष्मा काढून गंभीरपणे विचारलं, "म्हणजे रेक्टरचा कोर्स का?" ते मला जास्त लागलं, कारण ते बरंचसं खरं होतं. वर्गाच्या बाहेर कॉलेजात जे जे घडतं, राहणं, खाणं, भांडणं, रडणं, निवडणुका, क्लब, शिस्तीची प्रकरणं, अपंग मुलांच्या सोयी, पहिल्या आठवड्यातलं बावरलेपण, ते सगळं सांभाळणं हा तिथे एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याची दोन वर्षांची पदवी आहे, वरती पीएचडी आहे, वार्षिक अधिवेशनं आहेत आणि त्या अधिवेशनांत गळ्यात बिल्ले अडकवून फिरणारी हजारो माणसं आहेत. आपल्याकडे हेच काम एनएसएसचे सर, रेक्टरबाई, ऑफिसातले भाऊसाहेब आणि उधारीची वही ठेवणारा कॅन्टीनवाला यांच्यात वाटलेलं असतं आणि त्यातलं फारसं कुणाच्या पगारात धरलेलं नसतं. विद्यापीठाच्या पातळीवर विद्यार्थी विकास मंडळ असतं म्हणा; मी कोल्हापुरात शिकत असताना त्याला विद्यार्थी कल्याण म्हणायचे. त्याचा माझा संबंध युवा महोत्सवाच्या प्रमाणपत्रापुरता.

वर्गात आम्ही बावीस जण होतो. पहिल्या दिवशी गोल बसून प्रत्येकाने आपण इथे कसे आलो ते सांगितलं, आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांची कथा एकच निघाली. कॉलेजात असताना हॉस्टेलच्या मजल्यावर आरए होतो, म्हणजे रेसिडेंट असिस्टंट, मजल्यावरच्या पोरांची विचारपूस करणारा विद्यार्थीच. त्यात जीव रमला आणि शेवटच्या वर्षी कुणीतरी म्हणालं, अरे, याची नोकरीसुद्धा असते. मोठेपणी डीन ऑफ स्टुडंट्स होणार असं दहाव्या वर्षी कुणी ठरवत नाही, हा या धंद्यातला जुना विनोद. माझी पाळी आली तेव्हा मी पुण्यातली एचआरची तीन वर्षं सांगितली, माणसांची आवड वगैरे सांगितलं. मला अमेरिकेला जायचं होतं आणि कोडिंग येत नव्हतं, हे नाही सांगितलं. त्याहून खोलवरचं एक कारण होतं, तेही नाही सांगितलं. फी माफ आणि थोडा भत्ता, त्याबदल्यात आठवड्याला वीस तास हॉस्टेलच्या ऑफिसात काम, अशी असिस्टंटशिप मला मिळाली होती. ती नसती तर बाबांना मिरजेचा प्लॉट विकावा लागला असता. वीस तास कागदावर. रात्री दोनला अलार्म वाजला की ते कुठे मोजणार?

सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी ऑगस्टमध्ये आरए पोरांचं प्रशिक्षण असतं. त्यातला सगळ्यात धमाल आणि सगळ्यात अंगावर येणारा भाग म्हणजे बंद दारांचा. रिकाम्या हॉस्टेलच्या एका मजल्यावर एकेका खोलीत जुने आरए एकेक प्रसंग वठवत बसतात. एका खोलीत बाटल्या आणि हसणं, एकीत रूममेटांचं भांडण, एकीत कुणी तीन दिवस अंथरुणातून उठलेलं नाही. नव्या आरएने दार ठोठवायचं, आपण कोण ते सांगायचं आणि आत जे दिसेल ते निभावायचं. मी आल्याला तेव्हा अडीच आठवडे झाले होते. माणसं कमी पडली म्हणून माझ्या बॉसने मला एक खोली दिली, 'घरची आठवण येणारी परदेशी विद्यार्थिनी'. ती म्हणाली, फार काही करू नकोस, नुसती खिडकीशी बस. खोलीत गादीवर चादर नव्हती, नुसतं निळं रेक्झिन, त्याला फिनेलसारखा वास. बाहेर मक्याची शेतं क्षितिजापर्यंत सपाट, एकसुद्धा डोंगर नाही. मी बसले. पहिला पोरगा आला तोवर नाटक चाललं होतं. दुसरी मुलगी आली तेव्हा जरा घसा दाटला. तिसरा आला, एकोणीस वर्षांचा, लाल केसांचा, हातात प्रशिक्षणाचा कागद घामाने मऊ झालेला. त्याने दारातूनच विचारलं, मी खाली बसू का? आणि माझ्या शेजारी खुर्ची असताना जमिनीवर बसला. मी जे रडायला लागले ते थांबेचना. त्याला वाटलं, बाई काय अभिनय करते! तो मात्र शिकवल्याप्रमाणे शांत बसून राहिला. मग कागदात न बघता म्हणाला, घरी आत्ता किती वाजले असतील?

परीक्षकाने त्याला पूर्ण गुण दिले. मला पेपर टॉवेल.

पुढे वर्गात कळलं की त्या पोराने जे केलं त्याला नावं आहेत, संदर्भ आहेत, त्यावर शोधनिबंध आहेत. समुपदेशनाच्या तासाला आम्ही तिघांतिघांच्या गटात एकमेकांचं चित्रीकरण करायचो आणि मग पडद्यावर आपण किती वेळा मध्येच बोललो ते मोजायचो. बाई म्हणायच्या, प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद गप्प बसा. मला ते जमायचंच नाही. आमच्याकडे दहा सेकंद कुणी बोललं नाही तर यजमान चहा टाकायला उठतो. पहिल्या चित्रफितीत मी सातव्या सेकंदाला समोरच्याला सल्ला देऊन मोकळी झाले होते, आणि दुसऱ्या एकीत चक्क म्हणाले होते, "इतकं काय मनाला लावून घ्यायचं?" इंग्रजीत, पण चाल आमच्या मावशीची.

सिद्धांतांची गंमत वेगळीच. आर्थर चिकरिंग नावाच्या गृहस्थांनी 1969 साली मांडलं की कॉलेजच्या वयात तरुण माणूस सात दिशांनी वाढतो. त्यांतली एक दिशा स्वायत्ततेची, म्हणजे घरापासून सुटं होऊन स्वतःच्या पायावर उभं राहण्याची. बावीसजणांनी वहीत लिहून घेतलं. मी हात वर केला. म्हटलं, मी पंचवीस वर्षांची आहे, इथे यायचा निर्णय आमच्या घरात आठ माणसांनी मिळून घेतला, त्यात एक शेजारी होता. मग मी वाढलेली नाही का? प्राध्यापक खूश झाले आणि म्हणाले, पान उलटा. चिकरिंगनीच 1993 साली लिंडा रायसर यांच्याबरोबर ती मांडणी सुधारली होती, आणि त्या दिशेचं नाव आता स्वायत्ततेतून परस्परावलंबनाकडे असं झालं होतं. चोवीस वर्षं लागली. माझ्या आजीने फोनवर सांगितलं असतं. पण मग मी स्वतःलाच विचारलं, आजीने यातला पहिला अर्धा भाग कधी कुणाला करू दिला होता का? घरातून सुटं होणं हे आमच्याकडे फक्त लग्नात व्हायचं, आणि तेही एका घरातून दुसऱ्या घरात.

माझ्या मनात घर करून राहिली ती मात्र नॅन्सी श्लॉसबर्ग. विद्यार्थी नव्या जागी टिकतो की गळतो हे बरंचसं एका गोष्टीवर ठरतं, असं तिने 1989 साली लिहिलं: आपण इथे कुणाच्या लेखी आहोत की नाही. आपण नसलो तर कुणाच्या लक्षात येईल का? आपल्याला बरं वाटलं तर कुणाला बरं वाटेल का? तिचा इंग्रजी शब्द मॅटरिंग. रात्री आईला फोनवर हे समजावून सांगताना मला मराठी शब्द सापडेना. 'महत्त्व' फार मोठं होतं, 'किंमत' बाजारातली. आई म्हणाली, खिजगणतीत असणं. मी म्हटलं हो, तेच! आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, असं कुणी म्हणत नाही. 'मी त्यांच्या खिजगणतीतही नाही,' एवढंच म्हणतात.

मराठीत हा शब्द नकारातच वापरायचा असतो.

इतिहासाच्या पेपरात मला वर्षं पाठ करायला मजा यायची, कारण मी समासात दुसरीच वर्षं लिहीत असे. 1901 साली इलिनॉय विद्यापीठात टॉमस आर्कल क्लार्क यांच्याकडे पदवीच्या विद्यार्थ्यांची जबाबदारी आली, पुढे ते डीन ऑफ मेन झाले. हे त्या व्यवसायाचे एक आद्यपुरुष. माझ्या समासात: 1901, कोल्हापूर, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, शाहू महाराज. 1919 साली मॅडिसनला डीन मंडळी जमली आणि त्यातून आजची नास्पा ही या व्यवसायातल्या लोकांची संघटना उभी राहिली. समासात: 1919, काले, रयत शिक्षण संस्था. आमचे आजोबा साताऱ्याला धनिणीच्या बागेतल्या बोर्डिंगात राहून शिकले. तिथे पोरंच दळायची, पोरंच भाकऱ्या थापायची, आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची. आजोबांच्या भाकरीला म्हातारपणीसुद्धा आजीपेक्षा चांगला पापुद्रा यायचा, यावरून घरात भांडणं होत. मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, कुणीतरी 'सुंदर' म्हणालं आणि प्राध्यापक पुढच्या स्लाइडवर गेले. दोष त्यांचा नव्हता. परीक्षा ओहायोत होती.

कायद्याचा पेपर सगळ्यांना रूक्ष वाटायचा, मला नाही. जुन्या अमेरिकेत कॉलेज म्हणजे आईबापाच्या जागी, असा न्यायालयांचा दृष्टिकोन होता. पोरांनी कुठे जेवायचं, कधी परतायचं, कुणाला भेटायचं, सगळं कॉलेज ठरवणार आणि हाकललं तर हाकललं, कारण सांगायची गरज नाही. मग 1960 साली अलाबामातल्या माँटगोमेरीत काही कृष्णवर्णीय विद्यार्थी कोर्टाच्या इमारतीतल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या उपाहारगृहात जाऊन बसले, खायला मागितलं. त्यांच्या सरकारी कॉलेजने बाजू न ऐकताच त्यांच्यातल्या काहींना काढून टाकलं. ते कोर्टात गेले. 1961 च्या डिक्सन निकालाने सांगितलं की सरकारी कॉलेजला असं करता येणार नाही, नोटीस द्या, सुनावणी घ्या. आईबापपणाला तिथून तडा गेला. दहा वर्षांनी मतदानाचं वय अठरा झालं, आणि 1974 साली तो कायदा आला ज्याला आम्ही सगळे फर्पा म्हणतो. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. अपवाद आहेत, जिवाला धोका असेल तर बोलता येतं, अमेरिकेत करासाठी मूल अवलंबून दाखवलं असेल तर बोलता येतं. मिरजेच्या वर्कशॉपवाल्याला त्यातला दुसरा अपवाद लागू नव्हता आणि पहिला लागू आहे की नाही ते दार ठोठवल्याशिवाय कळणार नव्हतं.

हा कायदा शिकवला त्या दिवशी मी वर्गातून उठून बाहेर गेले होते. पाणी प्यायला, असं सांगून.

कोल्हापुरात, वसतिगृहांची जननी म्हणवणाऱ्या त्या गावात, मी ज्या हॉस्टेलात राहिले ते काही शाहूकालीन नव्हतं. सिमेंटचे तीन मजले, मागे नळांची रांग, संध्याकाळी सातला गेट बंद आणि रेक्टरबाईंच्या टेबलावर मस्टर. बाई वाईट नव्हत्या, हे मला आज जास्त कळतं. कुणाला ताप आला तर स्वतः पेज करून आणायच्या. माझी रूममेट, तिला इथे सुमन म्हणते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि आमच्या मजल्यावर सगळ्यांत हुशार. कॅल्क्युलसची गणितं ती अंथरुणावर उताणी पडून, पाय भिंतीला लावून सोडवायची. तिला कुणीतरी रंकाळ्यावर एका मुलाबरोबर भेळ खाताना पाहिलं. ते बाईंच्या कानावर आलं. बाईंनी काळजीपोटी तिच्या घरी एक फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे वडील जीप घेऊन आले. मी प्रॅक्टिकलहून परत आले तेव्हा तिची गादी गुंडाळलेली होती, दोरीवर एक ओला परकर तेवढा राहिला होता. मे महिन्यात तिचं लग्न झालं. बाई पुढे कित्येकदा म्हणाल्या, "पोरीचं कल्याण झालं, घरचं बघून दिलं." त्यांनी कुणाची परवानगी मोडली नव्हती, परवानगी लागते अशी काही गोष्टच तिथे नव्हती. तो परकर मी वाळवून, घडी करून कपाटात ठेवला आणि वर्षाच्या शेवटी हॉस्टेल सोडताना कुणाला द्यावा ते न कळून तिथेच ठेवून आले.

खोलवरचं कारण म्हटलं ते हे. म्हणून मी जेव्हा मराठी बापाला 'सांगता येणार नाही' म्हणाले, तेव्हा माझ्या पाठीशी नुसता अमेरिकन कायदा नव्हता, भिंतीला पाय लावून गणितं करणारी सुमन होती. हे त्यांना फोनवर कसं सांगणार? आणि सांगून तरी काय, ते काही जीप घेऊन निघाले नव्हते. त्यांना पोरगं जिवंत आहे का एवढंच हवं होतं.

आणखी एक आहे, ते लिहू की नको असं बराच वेळ चाललंय. पहिल्या वर्षाच्या फेब्रुवारीत मी स्वतः नऊ दिवस घरचा फोन उचलला नव्हता. फार काही झालं नव्हतं. बाहेर गुडघाभर बर्फ होता, सिद्धांताच्या पेपराला सी मिळाला होता, रात्री झोप लागत नव्हती आणि बाबांचा आवाज ऐकला तर आपण 'परत येते' म्हणू याची खात्री होती. त्याच आठवड्यात मी 'नवागत विद्यार्थी आणि आपलेपणाची भावना' या विषयावर वीस स्लाइड सादर केल्या. दहाव्या दिवशी फोन केला, नेट नव्हतं म्हणून सांगितलं, बाबा बरं म्हणाले. पुढे बऱ्याच वर्षांनी आई इकडे राहायला आली असताना भेंडी चिरता चिरता म्हणाली, "तेव्हा ह्यांनी तुमच्या युनिव्हर्सिटीला फोन लावला होता. रोज रात्री. तिथे ती मशीनबाई बोलायची, हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन दाबा. ह्यांना कळायचं नाही कुठलं दाबायचं. शेवटपर्यंत ऐकायचे नि ठेवायचे." नऊ दिवस. बाबांना तो मेन्यू बहुधा पाठ झाला असेल. त्यांनी मला आजतागायत हे सांगितलेलं नाही, आणि मला ठाऊक आहे हे मीही त्यांना सांगितलेलं नाही.

तर त्या रात्री मी गॅस बंद केला, जॅकेट घातलं, गळ्यात ओळखपत्र अडकवलं. ड्यूटीवरच्या दुसऱ्या सहकाऱ्याला कळवून ठेवलं, तसा नियम आहे. अपार्टमेंट इमारतींच्या जिन्यांत रात्री एक ठरावीक वास असतो, ओल्या गालिच्याचा आणि कुणाच्या तरी फोडणीचा. दुसऱ्या मजल्यावर दार ठोठवलं, आपण कोण ते सांगितलं, थांबले. परत ठोठवलं. आत पावलं वाजली तेव्हा माझ्या छातीतून जो श्वास सुटला तो प्रशिक्षणात कुणी शिकवलेला नव्हता.

दार उघडलं. उंच, दाढी वाढलेली, अंगात हूडी. मी इंग्रजीत सुरुवात केली, मग सोडून दिली. "जेवलास का?" म्हणाले. तो म्हणाला, "हो." अर्थात हो. मी तरी त्याच्या बापाला काय सांगितलं होतं! जेवलास का याला आपल्याकडे एकच उत्तर आहे, हाऊ आर यूला इथे एकच आहे तसं. खरं काम त्याच्या पुढे सुरू होतं. मी म्हटलं, "तुझ्या वडिलांचा फोन आला होता." त्याचा चेहरा झपकन बंद झाला. "तुम्ही काय सांगितलं त्यांना?"

"काहीच नाही. तू इथे राहतोस हेसुद्धा नाही."

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मी बोलले नाही. मनात मोजत होते, तीन, चार, पाच. चहा टाकायला उठायची जुनी खाज आलीच; पण तिथे स्वयंपाकघर त्याचं होतं. आठ, नऊ. अकराव्या सेकंदाला तो दारातून बाजूला झाला. मी आत जाऊन खुर्ची होती तरी जमिनीवर बसले, आणि तो बोलायला लागला. काय बोलला ते इथे लिहिणार नाही. जिवाला धोका नव्हता एवढं मी तपासलं, विचारायचे ते प्रश्न थेट विचारले, ज्यांच्याकडे पाठवायचं असतं त्यांची वेळ त्याच्यासमोरच घेतली. निघताना म्हटलं, घरी फोन करायचा की नाही ते तुझं तू ठरव. हे वाक्य म्हणताना मला बाबांची मशीनबाई ऐकू येत होती, पण म्हणायचं तेच असतं.

घरी येऊन साडेबाराला रिपोर्ट भरला. शेवटून दुसरा रकाना: पालकांना कळवले का? 'नाही' वर टिचकी मारली. कारण लिहायला चौकोन असतो, त्यात 'विद्यार्थी सज्ञान' असं लिहिलं. मग कुकर उघडला. वरण घट्ट होऊन बसलं होतं.

त्याने त्या रात्री घरी फोन केला की नाही, मला माहीत नाही. विचारायचा मला हक्क नाही. कधी लायब्ररीच्या पायऱ्यांवर दिसतो, मान हलवतो. मिरजेहून पुन्हा फोन आला नाही, आणि त्याचा मला हवा तो अर्थ मी लावून घेते. तो नंबर मात्र ड्यूटी फोनच्या यादीत होता, किल्ल्या, नळ आणि पॉपकॉर्नवाल्यांच्या फोनांखाली सरकत सरकत चाललेला. परवा माझी पाळी परत आली. रात्री उशाशी घेऊन उगाच बोट फिरवत खालपर्यंत गेले. तो जुना फोन शेवटचे शंभरच नंबर ठेवतो.